‘चालतंय’ने सायकल चालत नाही

माझ्या माउंटन बाइकच्या हँडलखालचा हेडसेट झिजला. दुकानदार म्हणाले, “एक इंच एक सुताचा ना? हा बसवा, चालतंय!” परंतु ते माप चिमट्याच्या नळीचे, म्हणजे 28.6 मि.मी. माझ्या फ्रेमच्या नळीत थेट बसणारे बेअरिंग मात्र 41 किंवा 41.8 मि.मी. व्यासाचे असू शकते. शिवाय आतला कोन 36 किंवा 45 अंशांचा. लहान बसवले तर ते हलून फ्रेमची बैठक खाते. मोठे ठोकले तर फ्रेमच फुटायची!

मित्रहो, स्वस्ताईचा मोह वाणिज्याच्या विद्यार्थ्यालाही होतो. परंतु फ्रेम गमावून केलेली बचत ही तूटच. जुने बेअरिंग व्हर्नियरने मोजा, त्यावर कोरलेले आकडे वाचा, मगच पैसे द्या. मराठीत ‘चालतंय’, कन्नडमध्ये ‘नडीतैती’. मिलिमीटर मात्र दोन्हीकडे तेवढाच!