फ्लॅट घेताय? आधी त्यामागची कंपनी बघा



डब्लिनमधली घरभाडी बघून ल्यूकन, क्लोनी, सिटीवेस्टकडचे बरेच मराठी मित्र सध्या घर शोधतायत. मी आमच्या ब्लॉकच्या कंपनीचा डिरेक्टर आहे (पगार शून्य, बोलणी खायचं काम फुल टाइम), त्यामुळे "जरा सांग ना" असे फोन मला येत असतात. पहिला प्रश्न ठरलेला: "मेन्टेनन्स किती?" आकडा कमी असला की स्वारी खूश. माझं म्हणणं असं की नुसता आकडा विचारून काही कळत नाही, आणि फार कमी आकडा ही आनंदाची बातमी असेलच असं नाही.

आपल्याकडे सोसायटी, तशी इथे ओनर्स मॅनेजमेंट कंपनी, थोडक्यात ओएमसी. पण ही खरीखुरी कंपनी असते. कंपनीज रजिस्ट्रेशन ऑफिसमधे, म्हणजे सीआरओमधे तिची नोंद असते आणि दरवर्षी तिला रिटर्न भरावं लागतं. तुम्ही फ्लॅट घेतलात की आपोआप तिचे सभासद. जिने, लिफ्ट, छप्पर, पार्किंग, बाग हे सगळं ओएमसीचं. सर्व्हिस चार्ज गोळा करणारा मॅनेजिंग एजंट हा मालक नव्हे, ओएमसीने पैसे देऊन नेमलेला माणूस. त्याच्याकडे प्रॉपर्टी सर्व्हिसेस रेग्युलेटरी अथॉरिटीचं लायसन्स असावं लागतं.

हे नियम आले ते मल्टी-युनिट डेव्हलपमेंट्स अ‍ॅक्टमुळे, २०११ साली. त्याची गरज पुण्या-मुंबईच्या माणसाला वेगळी सांगायला नको. बिल्डर फ्लॅट विकून मोकळा होतो आणि कन्व्हेयन्ससाठी सोसायटी वर्षानुवर्षं खेटे घालते, म्हणून तर महाराष्ट्रात २००८ साली मोफा कायदा दुरुस्त करून डीम्ड कन्व्हेयन्स आणावं लागलं. इथेही रड तीच होती. आता पाच किंवा जास्त घरांच्या नव्या स्कीममधे पहिला फ्लॅट विकण्याआधीच सामाईक भाग ओएमसीच्या नावावर करावा लागतो. एका फ्लॅटला एक मत, वर्षातून एकदा तरी सभा, आणि सर्व्हिस चार्जचं बजेट सभेपुढे.

आता मुद्द्याचं: सिंकिंग फंड. लिफ्ट बदलणं, छप्पर दुरुस्त करणं अशा मोठ्या खर्चाची ही पुंजी. कायद्यात दर फ्लॅटमागे वर्षाला २०० युरो असा आकडा आहे, पण सभासद ठरवून तो बदलू शकतात. सभेत "चार्ज वाढवू नका" म्हणणारे भरपूर, त्यामुळे कात्री लागते ती इथेच. आपल्या धंद्याच्या भाषेत हे टेक्निकल डेट. आजचं बिल छान कमी दिसतं, आणि जो पुढे विकत घेतो त्याच्या बोकांडी बसतं.

हे डेट केवढं मोठं असू शकतं? सरकारने नेमलेल्या गटाचा अहवाल जुलै २०२२ मधे आला. १९९१ ते २०१३ या काळात बांधलेल्या अपार्टमेंटपैकी ४० ते ७० टक्के घरांत आगीपासूनची सुरक्षा, बांधकामाची मजबुती किंवा पाण्याची गळती यातला काही ना काही दोष असावा, असा त्याचा अंदाज. दुरुस्तीचा सरासरी खर्च घरामागे सुमारे २५,००० युरो. वर्षाला २०० च्या हिशोबाने ही रक्कम जमायला १२५ वर्षं लागतील! डोनामीडमधलं प्रायरी हॉल अनेकांना आठवत असेल. आगीच्या धोक्यामुळे ऑक्टोबर २०११ मधे हायकोर्टाच्या आदेशाने ते रिकामं केलं. मालकांच्या डोक्यावर कर्ज तसंच, आणि तोडगा निघायला २०१३ उजाडलं.

अशा इमारतींत आगीपासून तातडीच्या सुरक्षेची कामं करायला डिसेंबर २०२३ पासून सरकारी अंतरिम योजना आहे. पण अर्ज करायचा ओएमसीने. म्हणजे कंपनीच झोपलेली असेल तर एकट्या फ्लॅटवाल्याला काही करता येत नाही.

तेव्हा 'सेल अ‍ॅग्रीड' झाल्यावर, पण काँट्रॅक्टवर सही करण्याआधी, सॉलिसिटरकडून एवढं मागवाच:

१. सीआरओमधे ओएमसीची स्थिती. रिटर्न न भरल्याने तिचं नाव काढून टाकलं असेल तर पुढे तुम्हाला फ्लॅट विकणंही अवघड. हे तुम्ही स्वतः ऑनलाइन बघू शकता. हिशोबसुद्धा किरकोळ फी भरून मिळतात.

२. गेल्या दोन-तीन वर्षांचे हिशोब. सिंकिंग फंडात किती शिल्लक, आणि किती जणांची थकबाकी?

३. सामाईक भाग खरोखर ओएमसीच्या नावावर आहेत का? २०११ पूर्वीच्या इमारतीत हे मुद्दाम विचारा.

४. गेल्या सभांची मिनिट्स, फायर सेफ्टीचे रिपोर्ट, इमारतीचा विमा. मोठी वर्गणी येऊ घातली असेल तर मिनिट्समधे कुठेतरी तिचा वास लागतोच.

५. लीज आणि हाउस रूल्स. बाल्कनीत कपडे वाळत घालणं, लाकडी फ्लोअरिंग, पार्किंग यावरून पुढे भांडण्यापेक्षा आधी वाचलेलं बरं.

६. विकणाऱ्याचा सर्व्हिस चार्ज पूर्ण भरल्याचा पुरावा.

उत्तरं पटली नाहीत तर मागे फिरायला लाजू नका. सही होईपर्यंत बुकिंग डिपॉझिट परत मिळतं.

"आम्ही फ्लॅट नाही, घर घेतोय" म्हणणाऱ्यांनी एक विचारावं: इस्टेट काउन्सिलने 'टेकन इन चार्ज' केली आहे का? म्हणजे रस्ते, दिवे, गटारं काउन्सिलकडे. नसेल तर कोणाकडे आहेत ते लेखी घ्या. नव्या इस्टेटींमधे घरांनाही ओएमसी असू शकते.

आणि हो, घर घेतल्यावर सभेला जा. आयुष्याची शिल्लक त्या इमारतीत घालायची आणि वर्षातली एक संध्याकाळ द्यायला कुरकुरायचं, हा हिशोब इंजिनिअर मंडळींना शोभत नाही.

(हा कायदेशीर सल्ला नव्हे, त्यासाठी सॉलिसिटर आहेच.)