ती पळाली नसती तर?

इंजिनीअरिंग सोडलं? पळाला. दोन अटेम्प्टनंतर एमपीएससी थांबवली? पळाली. मैदान सोडल्याचा शिक्का आपण फार पटकन मारतो. असं काही कानावर आलं की मला पोलंडची 'ब्विस्काविट्सा' आठवते. नावाचा अर्थ वीज. इंग्लंडमधल्या काउज गावच्या गोदीत बांधलेली ही विनाशिका १९३७ मध्ये पोलिश नौदलात आली.

पोलंडकडे तेव्हा विनाशिका इनमीन चार. ३० ऑगस्ट १९३९ला, म्हणजे जर्मनीचा हल्ला होण्याच्या दोनच दिवस आधी, त्यातल्या तिघी ग्दिनिया बंदर सोडून ब्रिटनकडे निघाल्या. ब्विस्काविट्साही त्यात होती. युद्ध दारात आणि नौदल चाललं बाहेर! आजच्या सोशल मीडियाने त्यांना सोलून काढलं असतं.

पण हा वरून आलेला आदेश होता. बाल्टिक समुद्रात जर्मन ताकदीपुढे टिकाव लागणार नाही, हा हिशेब त्यामागे होता. तो किती खरा होता? चौथी विनाशिका 'विखेर' मागे थांबली आणि ३ सप्टेंबरला जर्मन विमानांनी ती बुडवली.

निघून गेल्याने पोलंड वाचला का? नाही. गेलेल्याही सगळ्या सुखरूप राहिल्या नाहीत. ४ मे १९४०ला 'ग्रोम' नॉर्वेत नार्विकजवळ बुडाली. ब्विस्काविट्सा मात्र नॉर्वे, डंकर्क, नॉर्मंडी अशी लढतच राहिली. मे १९४२ मध्ये ती दुरुस्तीसाठी काउजलाच होती. ४ मेच्या रात्री जर्मन बॉम्बर आले. तिच्या तोफा रात्रभर धडधडत राहिल्या, धुराचा पडदा सोडून तिने गाव झाकायचा प्रयत्न केला. जिथे ती जन्मली, त्या गावासाठी ती लढली. काउज आजही ते विसरलेलं नाही.

१९४७ मध्ये ती मायदेशी परतली. १९७६ पासून ग्दिनियातच, जिथून 'पळाली' त्याच बंदरात, ती संग्रहालय म्हणून दिमाखात उभी आहे.

आता हे उदाहरण देऊन उद्याची प्रॅक्टिकल्स बुडवू नका! निघणारा प्रत्येक जण शहाणा नसतो. पण 'का सोडलंस?' एवढंच विचारून थांबू नका. 'आता पुढे काय करणार?' हेही विचारा. खरं उत्तर तिथे मिळतं. ब्विस्काविट्साला ते द्यायला काही वर्षं लागली. आपल्या मित्रमैत्रिणींना निदान काही महिने तरी देऊया ना!