उरलेल्या कातडीचा खर्च कोणी करायचा?

वजन उतरलं की कातडी आपोआप आत जाईल, जरा व्यायाम वाढव, असं मला सगळेच सांगतात. ती जात नाही. वर्षानुवर्षं ताणलेल्या त्वचेतले लवचीक तंतू तुटलेले असतात. व्यायामाने स्नायू घट्ट होतात, कातडी आखडत नाही. माझं वजन ११८ किलो होतं. जठर लहान करणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर ते ७१वर आलं आणि तिथे टिकलं. मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या. पोटावर मात्र जांघेपर्यंत लोंबणारी कातडी उरली.

मे आणि ऑक्टोबरमध्ये तिचं काय होतं, ते नवी मुंबईच्या दमट हवेत राहणाऱ्यांना सांगायला नको. नेरुळला सीएसएमटी लोकल पकडून कुर्ल्याला उतरेपर्यंत त्या घडीखाली घाम साचतो. बुरशी धरते, कातडी लाल होऊन फाटते, वास येतो. ऑफिसात पोचल्यावर आधी बाथरूममध्ये जायचं, घडी पुसायची, पावडर टाकायची, मऊ सुती कापड आत सरकवायचं. परकराची नाडी नेमकी चट्ट्यावर बसते म्हणून साडी सुटली. मलम लावलं की चट्टा बसतो, थांबलं की पुन्हा उठतो, कारण घडी तिथेच असते.

ती काढून टाकायचं मी ठरवलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, आता या वयात कशाला हे?" त्यांची काळजी मला कळते. राग येतो तो विमा कंपनीचा. स्लीव्हचे पैसे तिनेच दिले होते. कातडीच्या वेळी सौंदर्योपचार म्हणून नकार आला.

विमा नियामकाने २०१९मध्ये या बाबतीतली शब्दरचना सगळ्या कंपन्यांसाठी एकच केली. ठरावीक बीएमआय असेल, किंवा थोडा कमी बीएमआय आणि सोबत ठरावीक आजार असतील, तर लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेला त्यात वाट आहे. प्लास्टिक सर्जरी मात्र अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना असेल, नाहीतर आरोग्याला थेट आणि तात्काळ असलेला धोका टाळण्यासाठी डॉक्टरांनी गरजेची ठरवली असेल, तरच. वर्षभर चिघळणारी जखम 'तात्काळ' कधी ठरते? जीएसटीच्या माफीतही प्लास्टिक सर्जरीला सवलत आहे ती जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, इजा किंवा आघात यांच्यापुरती. वजन उतरल्यावर लोंबणाऱ्या कातडीचं नाव दोन्हीकडे नाही. ते असायला हवं. एका उपचाराने आजार बरा केला आणि त्याच उपचारामुळे हा त्रास उरला, तर तो निस्तरणं हाही उपचाराचाच भाग आहे. शिवाय २०२५मध्ये माउंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवणारी औषधं भारतात आली. इंजेक्शनांनी झपाट्याने बारीक होणारी माणसं वाढणार, आणि त्यांतल्या काहींपुढे हाच प्रश्न येणार.

शस्त्रक्रिया हलकी नाही, हे मी मैत्रिणींना स्पष्ट सांगते. कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्यापर्यंत आडवा व्रण राहतो, तो जन्मभराचा. आत पाणी साचू शकतं, टाके उसवू शकतात, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. लायपोसक्शनने चरबी निघते, कातडी नाही. 'एका सिटिंगमध्ये सगळं' असं सांगणाऱ्या जाहिरातीपासून लांब राहावं. सर्जनची प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का, ते विचारायला लाजू नये. वजन निदान सहा महिने स्थिर हवं, तंबाखू बंद हवी. स्लीव्हनंतर खाणं कमी होतं, त्यामुळे प्रथिनं, लोह, बी १२ घसरतात आणि जखम भरत नाही. माझं हिमोग्लोबिन कमी निघालं, म्हणून सर्जननी तारीख पुढे ढकलली. मला ते पटलं. आधी फक्त पोट करायचं ठरलं आहे, दंडांचा विचार नंतर.

दरम्यान विमा कंपनीकडे मी पुन्हा अर्ज केला आहे. या वाटेवर असलेल्या बायकांनी पहिल्या चट्ट्यापासूनच कागद जपावेत: त्वचारोगतज्ज्ञांची प्रत्येक चिठ्ठी, तारखेसह फोटो, औषधांची बिलं, आणि ही शस्त्रक्रिया वैद्यकीय गरज आहे असं सर्जनचं सहीशिक्क्याचं पत्र. नकार आला तर तो लेखी मागून घ्यावा, कारण विमा लोकपालाकडे तक्रार करताना तोच कागद लागतो.