सूत सर्वांचे, पेटंट एकाचे

भिवंडीचे नाव घेतले की कानात यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो. या गावाचा आणि संगणकाचा काय संबंध, असे कोणीही विचारील. पण संबंध आहे. फ्रान्सच्या जोसेफ जॅकार्डने १८०४ च्या सुमारास असा माग आणला, की भोके पाडलेले पुठ्ठे त्यावरच्या कापडाची नक्षी ठरवीत. संगणकाची छिद्रपत्रे याच कल्पनेची पुढची पिढी. जॅकार्डला निवृत्तिवेतन मिळाले आणि माग सर्वांना खुला झाला.

आजचे 'ओपन सोर्स' सॉफ्टवेअर याच वाटेने जाते. त्याची मूळ आज्ञावली कोणीही वाचावी, सुधारावी, वाटावी. भिवंडीतला एखादा अभियांत्रिकीचा विद्यार्थीही घरबसल्या त्यात भर घालू शकतो. पण त्याने स्वतः लिहिलेल्या ओळींमागची कल्पना दुसऱ्याच्या पेटंटात अडकलेली असली तर?

दोन विणकरांनी एकमेकांचे न पाहता सारखीच किनार विणली, तर कॉपीराइटचा भंग होत नाही. नक्कल झालेलीच नसते. पेटंट मात्र विणण्याच्या रीतीवर असते. ती रीत तुम्हाला स्वतंत्रपणे सुचली, तरी पेटंटवाला दारात उभा राहू शकतो. प्रामाणिकपणा हा तिथे बचाव ठरत नाही.

आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(के) 'केवळ' संगणक-प्रोग्रामला पेटंट नाकारते. २००४ च्या अखेरीस वटहुकूम काढून हे कुंपण सैल करण्यात आले. २००५ साली संसदेने तो बदल गाळला. तरी निर्धास्त राहता येत नाही. वाद त्या 'केवळ' शब्दाभोवतीच फिरतो. शिवाय पेटंट त्या त्या देशापुरते असते, सॉफ्टवेअर मात्र क्षणात भिवंडीचा नाका ओलांडून अमेरिकेत पोहोचते.

तिथे काय होते, हे २०१९ साली दिसले. फोटो हाताळणाऱ्या 'शॉटवेल' या खुल्या प्रोग्रामवरून 'ग्नोम' प्रतिष्ठानावर पेटंटभंगाचा दावा झाला. प्रतिष्ठान नमले नाही. लोकांनी लढ्यासाठी वर्गणी दिली. २०२० मध्ये तडजोड झाली, तीही अशी की खुल्या परवान्याच्या इतर सॉफ्टवेअरलाही त्या पेटंटांपासून अभय मिळाले.

परवानेही आता शहाणे झाले आहेत. २००४ चा अपाची परवाना आणि २००७ ची जीपीएलची तिसरी आवृत्ती यांत भर घालणारा आपल्या त्या भरीपुरता पेटंटहक्क सर्वांना देऊन टाकतो. मात्र तिऱ्हाइताचे पेटंट कोणताही परवाना देऊ शकत नाही. आणि तुम्ही नोकरीत असाल, तर तुमच्या शोधावर मालकाचा हक्क आहे का, हे करारात आधी वाचावे.

मला यात हळदीचा धडा मोलाचा वाटतो. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करवले. आजीचे सांगणे तिथे पुरेसे नव्हते. जुने ग्रंथ आणि १९५३ चा छापील लेख कामी आला. ज्ञान उघड आणि तारखेनिशी नोंदलेले असेल, तर नंतर आलेल्याला त्यावर मालकी सांगणे अवघड जाते. खुल्या आज्ञावलीची प्रत्येक ओळ अशीच तारखेनिशी नोंदली जाते. म्हणून आपल्या मुलांनी भीतीने हात आखडू नये. परवाना वाचावा, करार वाचावा आणि खुशाल विणावे.