दहा तासांची बॅटरी सहा तासांत कशी संपली?

मैत्रिणींनो, या आठवड्याच्या टपालात कनेरगाव नाक्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. हिंगोली-वाशीम रस्त्यावरचं, मराठवाडा आणि विदर्भाच्या सीमेवरचं हे गाव. ताई लिहितात, "भिशीचे पैसे घालून इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी घेतली. मुलगा दहावीला आहे, रात्री लाइट गेली की अभ्यास बुडतो. दुकानदार म्हणाला, दोन पंखे आणि तीन दिवे दहा तास चालतील. पण जेमतेम साडेसहा तासांत सगळं बंद! आता घरात ऐकून घ्यावं लागतं, की बाईमाणसानं यात पडावंच कशाला. मी खरंच फसले का हो?"

ताई, आधी बॅटरीवरचे शब्द समजून घेऊ, म्हणजे उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल.

घरातला रांजण डोळ्यांसमोर आणा. पाणी जितकं उंच, तितका तोटीतून येणारा जोर जास्त. हा जोर म्हणजे व्होल्ट. तोटीतून दर क्षणाला येणारी धार म्हणजे अँपिअर. आणि रांजणात एकूण पाणी किती, ते सांगतात अँपिअर-तास, म्हणजेच एएच. १२ व्होल्टला १५० एएचने गुणलं की १८०० वॉट-तास येतात. हा झाला तुमचा साठा.

आता खर्च पाहा. साधा पंखा ७५ वॉटचा, म्हणजे दोघांचे १५०. एलईडी दिवे १० वॉटचे तीन, म्हणजे ३०. एकूण १८०. १८०० भागिले १८०, उत्तर दहा तास. दुकानदाराचा भागाकार चुकला नाही, पण हिशेब अर्धवट राहिला.

राहिलं ते असं. बॅटरीची वीज पंख्याला चालेल अशी करताना इन्व्हर्टर साधारण पाचवा हिस्सा स्वतःच खातो. दुसरं, बॅटरीवर एएचच्या शेजारी बहुधा 'सी २०' लिहिलेलं असतं. याचा अर्थ, २० तासांत सावकाश वापरली तरच पूर्ण १५० एएच मिळतील. भराभर ओढली तर कमी मिळतात. म्हणून दहाचे साडेसहा झाले.

पण खरी काळजीची गोष्ट पुढेच आहे. शिशाची बॅटरी रोज तळापर्यंत उपसली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. निम्मीच वापरायची सवय ठेवा. तसा हिशेब केला तर तुमचा सगळा भार चारच तास चालेल. मात्र लेकराच्या खोलीतला एक पंखा आणि दोन दिवे एवढंच चालू ठेवलं, तर भार ९५ वॉटवर येतो आणि तेवढ्याच साठ्यात सात तास निघतात. पुढेमागे पंखा बदलाल तेव्हा बीएलडीसी जातीचा घ्या, तो ३० वॉटच्या आसपास खातो.

बॅटरी भरली का, हे कसं कळावं? चार्जिंग थांबवून, काही न चालवता तिला काही तास तशीच राहू द्या आणि मग इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून घ्या. १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.२ च्या आसपास असेल तर निम्मी. रिकामी बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात. कित्येक दिवस अर्धपोटी ठेवली, तर आतल्या पट्ट्यांवर कडक थर बसतो आणि ती मग कामाची राहत नाही.

एक गंमत सांगते. मोबाइलवर ५००० लिहिलेलं पाहून ती बॅटरी मोठी वाटते ना? ते मिलि-अँपिअर-तास असतात, म्हणजे फक्त ५ अँपिअर-तास!

निगा राखताना एवढं विसरू नका:

पाणी डिस्टिल्डच घाला, नळाचं किंवा बोअरचं नको. महिन्यातून एकदा पातळी पाहा. उन्हाळ्यात पाणी लवकर उडतं.

बॅटरी उन्हापासून दूर, हवेशीर जागी ठेवा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ चूल, उदबत्ती, काडी नको.

आतलं पाणी तेजाबाचं असतं. अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. डोळ्यांत गेलं तर धुऊन तडक डॉक्टरांकडे जा.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, घरी तर मुळीच फोडू नका. शिसं लहान मुलांना फार घातक. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या, पैसेही वळते होतात.

तेव्हा ताई, बॅटरी खराब नाही आणि तुमची निवडही चुकलेली नाही. फक्त विकत घेताना "किती तास?" एवढंच न विचारता "किती वॉटवर किती तास, आणि निम्मीच वापरली तर किती?" असं विचारायला हवं होतं. आज रात्री हा भागाकार घरच्यांसमोर कागदावर मांडा. शेजारी दहावीच्या लेकरालाही बसवा, त्याचाही विजेचा धडा पक्का होईल.