पाटी आणि प्रेस

थोरांच्या घरांवर पाट्या ठोकायची लंडनची रीत १८६६ पासूनची. १०, किंग हेन्रीज रोड या घरावरही निळी पाटी आहे. १९२१-२२ ला बाबासाहेब तिथं राहिले. २०१५ ला महाराष्ट्र सरकारनं ते घर विकत घेतलं. शेजाऱ्यांनी कुरकुर केली, तिथल्या कौन्सिलनं स्मारकाला नकार दिला. २०२० ला अपिलात परवानगी मिळाली. मलाही छाती फुगवावीशी वाटली.

पण परळच्या बी.आय.टी. चाळीचं काय? १९२७ ला महाड पेटलं तेव्हा बाबासाहेबांचा पत्ता तिथल्या दोन खोल्या होत्या. आणि दादरची बुद्धभूषण प्रेस? बाबासाहेबांचे शब्द छापणारी ती प्रेस २५ जून २०१६ ला अंधारात पाडली गेली.

पाटी गप्प असते, म्हणून तिला हार मिळतात. प्रेस बोलते, म्हणून तिच्यावर घाव पडतात. पाटी हवीच. पण नुसते तिच्यापुढं हात जोडून उभे राहिलो, तर आपणही भिंतच. मी म्हणतो, आपल्या चाळीतल्या म्हाताऱ्यांना बोलतं करा, त्यांचं ऐका, लिहा, छापा. पुनर्विकासाचा बुलडोझर थांबणार नाही. तो यायच्या आत आपला कागद निघाला पाहिजे.

जय भीम!