कुंपणापलीकडची गोगलगाय

मृगाच्या सरी कोसळून आठवडा उलटला की परसबागेची हौस असलेल्या माणसाची सकाळ चिंतेने सुरू होते. आदल्या संध्याकाळी टवटवीत असलेले झेंडूचे रोप देठापुरते उरलेले असते, वालाच्या कोवळ्या वेलाची पाने जाळीदार झालेली असतात आणि ओल्या मातीवर चकाकणारी एक रेघ कुंपणाच्या दिशेने गेलेली दिसते. मग कोणी मीठ फेकतो, कोणी राख पसरतो, कोणी कृषी सेवा केंद्रातून विषारी गोळ्या आणतो. ज्याची बाग त्याने राखावी, हा आपल्याकडचा सर्वमान्य संकेत आहे. किडींच्या बाबतीत, आणि विशेषतः गोगलगायीच्या बाबतीत, हा संकेतच मुळात चुकीचा आहे.

आज महाराष्ट्रात शेतकऱ्याला छळणारी मोठी शंखी गोगलगाय ही या भूमीतली नव्हे. तिचे मूळ पूर्व आफ्रिकेत. कंपनी सरकारच्या सेवेत असलेल्या विल्यम बेन्सन या शंखप्रेमी गृहस्थाने १८४७ साली मॉरिशसहून काही गोगलगायी कलकत्त्यास आणल्या आणि चौरंगी भागातील एका बागेत त्या मोकळ्या सुटल्या. एका माणसाच्या हौसेचा खर्च पुढल्या पिढ्यांनी सोसावा, याचे इतके निखळ उदाहरण अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही सहसा सापडत नाही. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत या गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात फस्त केली. अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली. शेवगाव तालुक्याची पूर्वेकडील हद्द बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्याला भिडते, हे येथील वाचकाला सांगण्याची गरज नाही. शेवगाव हा अवर्षणाचा मुलूख, येथे ओलाव्यावर जगणाऱ्या प्राण्याचे काय काम, अशी शंका कोणी घेईल. परंतु कालव्याचे पाणी, जायकवाडीच्या जलाशयाचा फुगवटा आणि घरोघरच्या बागांतील रोजचे शिंपण यांनी ओलाव्याची बेटे येथेही निर्माण केली आहेत.

या प्राण्याची जीवनरीत पाहिली म्हणजे उपायाची दिशा आपोआप स्पष्ट होते. प्रत्येक गोगलगायीत नर आणि मादी दोन्हींची इंद्रिये असतात; म्हणजे अंडी घालू शकत नाही असा प्रौढ त्यांच्यात नाहीच. एका वेळी शेकडो अंडी मातीत घातली जातात आणि वर्षातून असे अनेक वेळा घडते. उन्हाळ्यात शंखाचे तोंड बंद करून ती महिनोन् महिने निपचित पडून राहते व पहिल्या पावसाबरोबर बाहेर येते. दिवसा दगडाखाली, पालापाचोळ्यात, बांधावरच्या गवतात लपावे आणि रात्री चरावे, हा तिचा क्रम. 'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण ज्याने रचली त्याने निरीक्षण नीट केले होते. तिची कवच नसलेली भावंडे, म्हणजे शेंबी, याच वाटेने जाणारी.

अर्थात पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात वेचलेली एक गोगलगाय ही पुढे होणाऱ्या शेकडोंच्या बरोबरीची असते. त्यानंतर तेच काम अनेक पटींनी महाग होते. मात्र येथेच अडचण उभी राहते. एकाने आपली बाग कितीही निगुतीने साफ केली तरी शेजारचा पडीक भूखंड तसाच राहिला, तर त्याचे श्रम आठ दिवसांत वाया जातात. उलट, शेजाऱ्याने मन लावून वेचणी केली तर काहीही न करणाऱ्यालाही लाभ मिळतो. दोघेही हा हिशेब मनातल्या मनात करतात आणि दोघेही स्वस्थ बसतात. येथे आळसापेक्षा व्यवस्थेचा दोष अधिक आहे.

आता उपायांविषयी. मीठ गोगलगायीला मारते हे खरे. परंतु तेच मीठ मातीतही उतरते आणि रोपाच्या मुळाशी जाते. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी बांधाच्या कडेने टाकावीत, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचलाव्यात आणि साबणाच्या वा मिठाच्या द्रावणात बुडवाव्यात, ही साधी रीत सर्वांत भरवशाची आहे. हातमोज्यांचा आग्रह उगाच नाही. या प्राण्याच्या अंगी मेंदूचा विकार जडवणारे सूक्ष्म कृमी असू शकतात. कडेने चुन्याचा पट्टा ओढल्यास अटकाव होतो, मात्र पावसाने तो धुऊन गेला की पुन्हा ओढावा लागतो. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या परिणामकारक असल्या तरी कुत्रीही त्या आवडीने खातात व प्राणास मुकतात. ब्रिटनने २०२२ च्या वसंतात उघड्यावर त्यांचा वापर बंद केला. हा खर्च पुडीवरच्या किमतीत छापलेला नसतो. शत्रूवर शत्रू सोडण्याची युक्तीही जपूनच वापरावी. १९५५ साली हवाई बेटांवर यासाठी आणलेल्या मांसाहारी गोगलगायीने तेथील देशी गोगलगायींचाच फडशा पाडला.

अमेरिकेतील फ्लोरिडाचा अनुभव अधिक बोलका आहे. १९६६ साली एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी गंमत म्हणून मायामीला आणल्या. सात वर्षांत त्यांची संख्या अठरा हजारांवर गेली. राज्याने मोहीम हाती घेतली, सुमारे दहा लाख डॉलर खर्चले आणि १९७५ पर्यंत त्यांचे निर्मूलन केले. घरमालकांना आपापली बाग राखा असे सांगून सरकार मोकळे झाले नाही.

आपल्याकडे २०२२ मध्ये शासनाने बाधित शेतकऱ्यांना मदत दिली. ती योग्यच होती. परंतु पंचनामा पीक गेल्यावर होतो, आणि त्यावेळी गोगलगायीची पुढची पिढी मातीत घालून झालेली असते. त्या रकमेचा काही अंश जूनमध्ये वेचणीच्या मजुरीवर खर्च झाला असता तर? १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या राज्याला सार्वजनिक कामाची कल्पना नवी नाही. बांध घालणे हे काम असेल तर बांधावरची कीड वेचणे हेही कामच आहे. पेरणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत हा आक्षेप खरा आहे. परंतु वेचणी पहाटे आणि तिन्हीसांजेस दोन-दोन तासांची असते, आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनाही ती जमण्याजोगी आहे.

मोबदला मात्र वेळेचा द्यावा, नगाचा नव्हे. १९०२ साली हनोईत फ्रेंच सरकारने उंदराच्या शेपटीमागे बक्षीस लावले, तेव्हा शहरात बिनशेपटीचे उंदीर हिंडू लागले. शेपूट कापून जनावर वंशवृद्धीसाठी सोडून देणे अधिक किफायतीचे ठरले होते. गोगलगायीचे किलोवर पैसे मिळू लागले तर ती पाळणारेही निघतील.

शेवगावात या कामाचा आरंभ पडीक भूखंडांपासून व्हावा. भूखंडमालक बहुधा बाहेरगावी असतो आणि गवताचा उपद्रव शेजाऱ्याला होतो. म्हणून पावसाआधी गवत काढण्याची नोटीस नगर परिषदेने द्यावी आणि न काढल्यास खर्च मालकाकडून वसूल करावा. खेडोपाडी ग्रामपंचायतीने वेचणीची तारीख दवंडी देऊन ठरवावी, कारण सारे बांध एकाच आठवड्यात वेचले गेले तरच श्रमांचे चीज होते. राहिली रोपवाटिका. काळ्या पिशवीतल्या ओल्या मातीतून गोगलगायीची अंडी गावोगाव बिनबोभाट प्रवास करतात. रोप घेताना पिशवीची माती वरून मोकळी करून पाहण्यास विक्रेत्याची हरकत असण्याचे कारण नाही. असल्यास ते रोप तेथेच ठेवावे.